जित्याची खोड

घाटकोपरला आमच्या दोन खोल्यांत गेली चार वर्षं एक मिग-२१ राहतंय. जागा फार लागत नाही त्याला. जेवणाच्या टेबलाच्या उजव्या कडेला जॉयस्टिक, डाव्या कडेला थ्रॉटल, खाली पायाशी पेडलं आणि समोर जुन्या टीव्हीच्या जागी आलेला मॉनिटर. रात्री साडेदहाला भांडी आवरून झाली की मी टेबल पुसतो, दोन्ही क्लॅम्प आवळतो आणि बसतो. टेबल न पुसता बसलं तर दुसऱ्या दिवशी थ्रॉटलला आमटीचा वास येतो, हे एकदाच शिकलो. बायको याला ‘तुझी नाइट ड्युटी’ म्हणते. पलीकडच्या खोलीत बाबा बातम्या बघत असतात, आवाज अगदी बारीक करून. माझ्या कानांवर हेडफोन असतो हे त्यांना माहीत आहे. पण माणूस कामाला बसला असताना आवाज करू नये, अशी त्यांची पद्धत.

ज्यात हे सगळं चालतं तो प्रोग्रॅम डीसीएस वर्ल्ड, संगणकावर खऱ्यासारखं विमान उडवायचा. त्यातलं मिग-२१ बिस (‘बिस’ ही मिग-२१ ची एक आवृत्ती) २०१४ साली आलं, म्हणजे संगणकाच्या वयाने तेही आता म्हातारंच. खेळ म्हणतात याला, पण पहिले आठ दिवस माझं इंजिनच सुरू होत नव्हतं. बॅटरी, जनरेटर, इंधनाचे पंप, जायरो, रेडिओ. उजव्या हाताच्या भिंतीवर स्विचांच्या रांगाच्या रांगा आणि सगळ्यांची नावं रशियन. (अक्षरं इंग्रजी करून घेता येतात. मी घेतली, दुसऱ्याच दिवशी. इथे उगाच बाणेदारपणा दाखवण्यात अर्थ नव्हता.)

इंजिन सुरू झालं आणि पहिली खोड कळली. ती विमानाची नव्हती, खुर्चीची होती. ऑफिसातून लिलावात घेतलेली चाकांची खुर्ची. मी पेडल दाबलं की विमान जागच्या जागी आणि मी खुर्चीसकट मागे, फ्रिजपर्यंत. विमान उजवीकडे वळवायचं तर आधी स्वतःला टेबलाकडे ओढून आणायचं. शेवटी खुर्चीच्या पाचही चाकांखाली जुन्या रबरी चपलांचे तुकडे घातले. बायकोची एक चप्पल त्यात चुकून गेली. तिचा उल्लेख आजही होतो.

मिगच का, असं लोक विचारतात. याच प्रोग्रॅमात एफ-१६ आहे, एफ-१८ आहे. त्यांत बसलं की विमानच तुम्हाला सांभाळून घेतं. तुम्ही काठी कशीही ओढा, मधला संगणक ठरवतो की पंखांना किती झेपेल आणि तेवढंच करतो. मिगमध्ये असा मधला माणूस कोणी नाही.

पण खरं कारण ते नाही. माझं आजोळ पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं, आणि तिथून ओझर जवळ. ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ चा, तो उभा राहिला मुळात मिग-२१ बांधण्यासाठी. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं मामाच्या बागेत असायचो. खरड छाटणी होऊन गेलेली, द्राक्षाच्या वेलींना नवी फूट आलेली, आणि मध्येच कधीतरी आभाळ फाटल्यासारखा आवाज. आम्ही आवाजाच्या दिशेने माना वळवायचो तर तिथे आकाश रिकामं. मामा बांधावरून ओरडायचा, “आवाजाकडं नका बघू रे, आवाजाच्या पुढं बघा!” पुढे बघितलं की एक चांदीची काडी द्राक्षांच्या मांडवापलीकडे जाताना दिसायची. दिसली म्हणेपर्यंत गेलेली असायची. त्या काडीत मी बसलोय, एवढंच मला चाळिशीत हवं होतं. द्वंद्वयुद्ध वगैरे नंतरचं.

द्वंद्वयुद्ध तर फारच नंतरचं, कारण आधी मला जमिनीवर चालवताच येईना.

मिगचं पुढचं चाक मोकळं आहे, भाजी मंडईतल्या हातगाडीच्या चाकासारखं. त्याला सुकाणू नाही. वळायचं तर काठीवरचा ब्रेकचा खटका दाबायचा आणि सोबत ज्या बाजूला जायचं त्या बाजूचं पेडल ढकलायचं. मग त्या बाजूचं चाक अडतं आणि विमान त्याच्याभोवती फिरतं. फिरायला लागलं की थांबायला तयार नसतं. म्हणून लगेच उलट्या बाजूचं पेडल, पुन्हा खटका. हे ब्रेक हवेचे. दर दाबाला ‘फुस्स’ आवाज होतो आणि डॅशबोर्डावरच्या एका छोट्या घड्याळातला काटा केसभर खाली येतो. मी पहिले कित्येक दिवस धावपट्टीपर्यंत नागमोडी जायचो. फुस्स-फुस्स, फुस्स-फुस्स.

एका रात्री हेडफोनची वायर तुटली म्हणून स्पीकर लावला होता. बाबा पाणी प्यायला बाहेर आले आणि तांब्या हातात धरून उभेच राहिले.

“हा आवाज कसला?”

“ब्रेकचा.”

“एअर ब्रेक?”

“हो.”

“मग एवढे कशाला मारतोयस? हवा संपेल ना.”

हवा संपलेलीच होती. मी घड्याळाकडे बघितलं तर काटा तळाला. विमान टॅक्सीवेवरून शांतपणे गवतात उतरलं, तिथून एका उभ्या हेलिकॉप्टरच्या दिशेने गेलं आणि पुढचं सांगण्यासारखं नाही. बाबांनी तांब्या जागेवर ठेवला. “पाय ठेवून बसतोस ब्रेकवर,” म्हणाले, “नवीन पोरं बसतात तशी,” आणि झोपायला गेले.

बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. हवेचा दाब म्हणजे काय हे त्यांना पायाने माहीत आहे. पहाटे डेपोत गाडी सुरू केली की आधी टाकीत हवा भरू द्यायची, काटा वर आला की मगच हलायचं. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, टिपायचा. मिगच्या बाटल्यांत असते तेवढीच हवा, आणि तिच्यावर पूर्ण फेरी काढायची. पुढच्या चाकाच्या ब्रेकचा वेगळा स्विच आहे, तो टॅक्सी करताना बंद ठेवला तर वळणं सोपी जातात, हे पुस्तकात होतं. टिपायचं कसं, ते पुस्तकात नव्हतं.

दुसरी खोड माझ्या धंद्याची निघाली. मी हिशेब खात्यात आहे. मिगच्या इंधनाच्या काट्याबद्दल वाचलं तेव्हा मला ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं. हा काटा टाकीत किती इंधन आहे ते मोजतच नाही. उड्डाणाआधी तुम्ही एक बटण फिरवून त्याला सांगायचं, बाबा रे, आज इतके लिटर भरलेत. मग इंजिनाकडे किती गेलं ते मोजत मोजत तो वजाबाकी करत राहतो. सुरुवातीची शिल्लकच चुकीची मांडली तर शेवटपर्यंतचा सगळा हिशेब सुबक आणि खोटा. मी एकदा पोटाखालची ४९० लिटरची टाकी न लावताच ती धरून आकडा मांडला होता. बटुमीला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या जॉर्जियातल्या समुद्रकाठच्या विमानतळावर, परत येताना काटा सांगत होता, निवांत ये. इंजिन समुद्रावर बंद पडलं. ताळेबंद जुळलेला होता, फक्त रोकड नव्हती. अशी दोन-तीन माणसं मला माहीत आहेत.

उडण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते या विमानाला येतंच. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाचा जादा जोर, लावला की पाठीत लाथ बसते. खुर्ची चपलांवर असूनही मला ती जाणवते, हे मनाचे खेळ. ताशी ३३०-३४० किलोमीटरला जमीन सुटते, चाकांचा दांडा वर करायचा, चाकं आत गेली की दांडा पुन्हा मधल्या खाचेत आणून ठेवायचा. तो मध्ये आणायला मी आजही विसरतो. मग सरळ वर. हे विमान मुळात त्यासाठीच केलेलं. उंचावरून येणारं बॉम्बफेकी विमान दिसलं की झटकन वर जायचं, क्षेपणास्त्र सोडायचं आणि परत यायचं. १९५० च्या दशकातली कल्पना. त्या कल्पनेचे पुढे दहा हजारांहून जास्त नग निघाले आणि जगाने त्यांच्याकडून नाही नाही ती कामं करून घेतली.

वळायला लागलं की मात्र त्रिकोणी पंखाचा स्वभाव दिसतो. काठी पोटाशी ओढली की पहिलं अर्धं वळण इतकं तडफदार होतं की समोरचा चकित. मी स्वतः चकित. पण ते उधारीवरचं असतं. त्रिकोणी पंख हवेला आडवा झाला की उचल देतो तेवढाच अडवतोही. वेगाचा ८०० वरचा काटा बघता बघता ५०० वर, मग ४०० वर. आता नाक जड झालेलं, विमान डाव्या-उजव्या अंगाला डुलायला लागलेलं. इथे काठी उजवीकडे लोटून विमान उजवीकडे कलंडेल अशी अपेक्षा असेल तर ती सोडून द्यावी. ते नाक भलतीकडेच फिरवतं आणि रुसून बसतं. इतक्या कोनात कलंडवायचं ते पायाने, पेडलने. काठी मध्ये धरून ठेवायची आणि पाय हळू द्यायचा. हे मला कळायला सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत मी समुद्राला इतकी विमानं दिली की त्याने तक्रार करायला हवी होती.

कॉकपिटच्या हिरवट-निळ्या रंगात, समोरच्या फलकावर अगदी मधोमध, एक उभी पांढरी रेघ रंगवलेली आहे. मला आधी ती सजावट वाटली. ती गिरकीत सापडलेल्या माणसासाठी आहे. विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली चाललंय, वर-खाली कळत नाही, हाताला काठी कुठे आहे याचा पत्ता नाही, अशा वेळी काठी त्या रेघेवर नेऊन ठेवायची, बस. त्या सगळ्या काट्या-घड्याळांच्या गर्दीत कोणीतरी ब्रश घेऊन एक रेघ ओढली. घाबरलेल्या माणसाला आकडा वाचता येत नाही हे ज्याला माहीत होतं, त्याने. शिवाय गोंधळलेल्यांसाठी एक बटणही आहे. ते दाबलं की ऑटोपायलट विमान सरळ करून देतो. मी ते इतक्यांदा दाबलंय की कीबोर्डावरची ती कळ गुळगुळीत झालीय.

आणि मग उतरणं.

आमच्या इमारतीवरून दिवसभर विमानं उतरतात. सहार विमानतळाची मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम. बहुतेक वेळा विमानं पूर्वेकडून येतात, म्हणजे आमच्या डोक्यावरून. लहानपणापासून तो आवाज इतका ऐकलाय की कान बंदच झाला होता. मिग आल्यापासून तो पुन्हा उघडला. आता मला ऐकू येतं की पावसाळी वाऱ्यात वरचा वैमानिक इंजिन थोडं वाढवतोय, थोडं सोडतोय, परत वाढवतोय. पावणेदोनशे माणसं घेऊन येणारं ते विमान ताशी २५० च्या आसपास उतरत असतं. एका माणसाचं, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत सात मीटरच्या थोडंच वर असलेलं मिग धावपट्टीचा काठ ओलांडतं तेव्हा काटा ३२० ला असतो आणि चाकं टेकतात ती ३०० च्या अलीकडे-पलीकडे. एवढासा पंख, त्याला हळू जाणं परवडत नाही.

यातही एक उसनवारी आहे. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप पूर्ण ४५ अंश खाली सोडले की इंजिनातून काढलेली हवा त्या फ्लॅपवरून फुंकली जाते. त्या फुंकरीने पंखाला कमी वेगातही उचल मिळते. पण फुंकर इंजिनाच्या जिवावर. आपण जरा वेगात आलोय असं वाटून थ्रॉटल पूर्ण मागे घेतला, तर इंजिन मंदावतं, फुंकर थांबते आणि पायाखालचा पाट काढून घ्यावा तसं विमान खाली बसतं. मग घाबरून थ्रॉटल पुढे लोटायचा. इथे सगळ्यात मोठी खोड. इंजिन ऐकतं, पण सावकाश. जुन्या सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखं. मी मनात आकडे मोजलेत, तळापासून पूर्ण जोर यायला सात-आठ सेकंद जातात. ३०० च्या वेगाने सात सेकंद म्हणजे पावणेसहाशे मीटर. जोर येतो, भरपूर येतो, फक्त तो तुम्ही जिथे आपटलात त्या जागेच्या पावणेसहाशे मीटर पुढे येतो.

आणि अशा वेळी हात काय करतो? नाक वर उचलतो. जगातल्या कुठल्याही माणसाचा हात तेच करेल. जमीन वर येतेय, तोंड वर कर. पण त्या कोनात त्रिकोणी पंख आणखी आडवा होतो, वेग आणखी मरतो. नाक वर केलं की विमान वर जातं हे आपण कागदी विमानापासून शिकलेलो असतो. इथे नाक वर केलं की विमान थोड्या वेळाने खाली जातं.

म्हणजे दोन किलोमीटर आधीच ठरलेलं असतं. तिथे वेग, उंची आणि इंजिनाचा आवाज जुळला असेल तर पुढे हाताला काम नसतं. तिथे नसेल जुळला तर सोडून द्यायचं, जोर लावून वरून जायचं, फिरून यायचं. मला हे कळत होतं आणि तरी मी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळं दुरुस्त करायला बघायचो. मामा म्हणायचा ते ‘आवाजाच्या पुढं बघा’ मला बटुमीच्या समुद्रावर आठवलं, तीस वर्षांनी. काट्याकडे बघतोस तो काटा आत्ताचा नाही, मघाचा आहे.

चाकं टेकली, नाकाचं चाक हळूच खाली आलं की शेपटीतला पॅराशूट सोडायचा. तो उघडला की गळ्यातला पट्टा आवळल्यासारखं वाटतं आणि मी दर वेळी, घरात कोणी जागं नसलं तर, मोठ्याने ‘हुश्श’ म्हणतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फार गमतीचं वाटेल. या विमानाला आपल्याकडे वर्तमानपत्रांनी ‘उडती शवपेटी’ असं नाव चिकटवलं. मला ते आवडत नाही. म्हणजे अपघात झाले नाहीत असं नव्हे, पुष्कळ झाले, आणि त्यांत गेलेल्यांत वीस-बावीस वर्षांची पोरं होती. पण सगळा दोष यंत्राच्या कपाळी लिहिला की बाकीचे सुटतात. हळू उडणाऱ्या ट्रेनर विमानावर शिकलेल्या मुलाला एकदम या ३०० च्या वेगाने उतरणाऱ्या विमानात बसवायचं, तर मध्ये एक पायरी हवी. प्रगत जेट ट्रेनर घ्यावा अशी शिफारस १९८२ च्या समितीने केली होती. तसा ट्रेनर, म्हणजे हॉक विमानं, हवाई दलात दाखल झाली २००८ साली. मधली सव्वीस वर्षं ज्या मुलांनी ती पायरी गाळून उडी मारली, त्यांच्या हातांनी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये काय केलं असेल, याची मला आता थोडीशी, फार थोडीशी कल्पना येते. मी आपटलो की पडदा काळा होतो, मी चहा करतो आणि पुन्हा सुरू करतो. तेवढ्याच अंतराने कल्पना येते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला. १९६३ मध्ये हवाई दलात आलं तेही चंदीगडलाच. बासष्ट वर्षं. शेवटपर्यंत टिकली ती बायसन, म्हणजे मी उडवतो त्याच बिसची सुधारून घेतलेली आवृत्ती. बाबांनी आणि मी ते टीव्हीवर बघितलं. शेवटची विमानं उतरली आणि त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले तेव्हा बाबा म्हणाले, “आमच्या गाडीला नुसते हार घातले होते.”

त्यांच्या डोक्यात डबलडेकर. तिचा निरोप दोन वर्षं आधी, १५ सप्टेंबर २०२३. मुंबईत १९३७ पासून धावणाऱ्या डबलडेकरमधली डिझेलवरची जुनी शेवटची गाडी, मार्ग ४१५, आगरकर चौक ते सीप्झ. बाबा त्या दिवशी अंधेरीला गेले होते, मला न सांगता. माणसं फोटो काढत होती, पोरं वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळवायला धावत होती. बाबा ड्रायव्हरच्या केबिनशी जाऊन उभे राहिले, एवढंच त्यांनी नंतर सांगितलं. आणि मग जेवताना, कोणी विचारलं नसताना, गाड्यांच्या खोडी सांगायला लागले. वरचा मजला भरलेला आणि खालचा रिकामा असला की वळणावर कशी कलते. पावसात झाडाच्या फांद्या ओल्या होऊन खाली येतात, तेव्हा कुठल्या रस्त्यावर मध्ये घ्यायची. एका गाडीचा दुसरा गिअर पडायचा नाही, तिला आधी न्यूट्रलला एक श्वास घेऊ द्यायचा. गाडीचा नंबर त्यांना पाठ होता. “ती कधीच भंगारात गेली,” म्हणाले. मग भाताचा घास हातात धरून थोडा वेळ थांबले. “ती खोडही गेली तिच्याबरोबर.”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही आपली म्हण. मी मॉनिटरकडे बघितलं. मिग आता कुठे उडत नाही आपल्याकडे. ओझरला जे बांधलं गेलं त्यातलं काही चौकाचौकांत खांबांवर चढलं, काही संग्रहालयांत, बाकीचं वितळलं. आणि त्याच्या खोडी मात्र माझ्या टेबलावर जशाच्या तशा. मोकळं चाक, खोटं बोलणारा काटा, उशिरा ऐकणारं इंजिन. कोणीतरी परदेशात बसून, जुनी पुस्तकं उघडून, त्या एकेक मोजून आकड्यांत बसवल्या. न्यूट्रलला श्वास घेणाऱ्या गाडीसाठी असं कोण बसणार?

यंदाच्या जूनपासून मात्र माझं उतरणं पुन्हा बिघडलं. विमान टेकलं की डावीकडे ओढायचं. थोडंच, पण दर वेळी. मी वारा बंद करून बघितला, तरी तेच. हवेत असतानाही सरळ उडताना, विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी ती छोटी गोळी तिच्या खिडकीत मधोमध बसायची नाही, जरा बाजूला सरकून राहायची. मी म्हटलं, आली आणखी एक खोड. मला ती आवडलीसुद्धा. वाटलं, आता कुठे आपण इतके मुरलो की विमान आपल्याला ही सांगतंय. मी उजवा पाय जरासा दाबून उतरायला शिकलो. जुलै गेला, ऑगस्ट गेला. हात बसला, म्हणजे पाय बसला.

गणपतीनंतरच्या एका रविवारी दुपारी पाऊस कोसळत होता, टीव्हीचं केबल गेलेलं. बाबा टेबलाशी येऊन बसले.

“चालवू का?”

मी जागा दिली. उडवणार नाही, म्हणाले, नुसती चालवतो. चष्मा पुसला, चपलांवरची खुर्ची हलते का बघितली, पेडलांवर पाय ठेवून दोनदा अंदाज घेतला. मी इंजिन सुरू करून दिलं आणि ब्रेकचा खटका दाखवला. ते हवेच्या काट्याकडे बघत राहिले. “भरलेली आहे,” मी म्हणालो. “दिसतंय,” ते म्हणाले.

मिग निघालं. मी चार वर्षांत त्याला असं चालताना पाहिलं नव्हतं. वळणाच्या बरंच आधी जोर कमी, मग एक टिपका, फुस्स, आणि नाक वळणात शिरतं. अर्धं वळण व्हायच्या आत उलटा टिपका. पिवळी रेघ पुढच्या चाकाखालून सुटतच नव्हती. धावपट्टीच्या तोंडाशी आडव्या रेषेवर त्यांनी गाडी उभी केली. काट्याने जागा सोडली होती की नाही हे मला वाकून बघावं लागलं.

उभीच. पुढे जाईनात.

“काय झालं?”

“बेल नाही दिली,” ते समोर बघत म्हणाले.

मी ओट्यावरचा स्टीलचा पेला आणि चमचा घेतला आणि टिंग-टिंग केलं. ते हसले नाहीत. मिग हललं, धावपट्टीवर आलं, तिच्या मधल्या पांढऱ्या रेषांवरून ताशी तीसच्या वेगाने अडीच किलोमीटर दुसऱ्या टोकाला गेलं, तिथून वळून पुन्हा आपल्या जागी येऊन उभं राहिलं. बायको आतून बाहेर येऊन बघत होती. बाबांनी खटका सोडला आणि खुर्ची मागे घेतली.

“डावीकडे ओढतेय,” म्हणाले. “लिहून दे.”

“ती या विमानाची खोड आहे, बाबा. पुढचं चाक मोकळं असतं ना—”

“चाकाचं नाही. चाक मोकळं असलं की गाडी कुठेही जाईल. ही एकीकडेच जातेय.” त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं. “पाय काढला तरी ओढतेय. पेडल बघ.”

मी म्हटलं, बघू. ते झोपायला गेल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातला तो छोटा चौकोन सुरू केला, ज्यात काठी आणि पेडलं आत्ता कुठे आहेत ते दिसतं. मी तो वर्षभर बंदच ठेवला होता, चित्र खराब दिसतं म्हणून. पेडलांना कोणाचाही पाय लागलेला नव्हता आणि खूण मधल्या रेघेच्या डावीकडे थरथरत होती.

पेडल उलटं करून उघडलं. पाय कुठे आहे ते सांगणारा आतला फिरता खटका मुंबईच्या दमट हवेने खाल्लेला. त्यावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा घरात होता. फवारलं, पुसलं, वीस-पंचवीस वेळा फिरवलं, स्क्रू लावले. खूण मधोमध आली. थरथरायची थांबली.

रात्री साडेदहाला टेबल पुसलं आणि बटुमीला गेलो. वारा शून्य ठेवला. दोन किलोमीटरवर सगळं जुळलेलं होतं, ३४०, इंजिनाचा आवाज भरलेला, गोळी मात्र खिडकीत आज दुसऱ्याच बाजूला सरकलेली. काठ ३२० ला ओलांडला. चाकं टेकली, नाक खाली आलं, पॅराशूट उघडला आणि विमान उजवीकडे धावपट्टी सोडून सरळ गवतात गेलं.

मी टेबलाखाली बघितलं. उजवा पाय दाबलेलाच होता.